बाप्तिस्मा झाला तरी जुनी सवय सुटत नाहीये? आधी हे वाच
जय ख्रिस्त भावा. बाप्तिस्मा घेतला की सगळं आपोआप सुटेल असं मलाही वाटायचं, पण तिसऱ्याच आठवड्यात रात्री दीड वाजता अंथरुणात मोबाईलवर तीच अश्लील घाण बघत बसलो होतो आणि सकाळी चर्चला जायची लाज वाटली. बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 7वा अध्याय वाच, ते लिहिणारा पौलासारखा प्रेषित म्हणतो की जे करायचं नाही तेच करतो, म्हणजे तू काय जगावेगळा नाहीस.

आमच्या शेतात हरळी असते ना, वरून कापली की हिरवीगार होऊन परत येते, जमिनीतल्या काशी म्हणजे मुळ्या खणून काढाव्या लागतात, तसंच हे. तू नुसता "परत नाही करणार" म्हणून रडतोस, पण केव्हा पडतोस ते बघ. माझं एकटेपणा आणि जागरण, बस. मी मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायला लागलो, गजराला शंभर-दीडशेचं घड्याळ आणलं. हसू नको, बायबलमधला योसेफ पण, मालकाची म्हणजे पोटीफराची बायको मागे लागली तेव्हा तिच्याशी वाद घालत बसला नाही, वस्त्र तिच्या हातात टाकून पळाला.

आणि एकाला तरी सांग. याकोब 5:16 मध्ये पापं एकमेकांजवळ कबूल करा असंच आहे. पण माणूस बघून हां, मी चुकीच्या माणसाला सांगितलं तर ते प्रार्थनेचा विषय म्हणून गावभर फिरलं. मग एका वयस्कर काकांना सांगितलं, ते फक्त रोज रात्री दहाला फोन करून "झोपलास का रे?" विचारायचे.

परत पडलास तर त्याच दिवशी स्तोत्र 51, ती पश्चात्तापाची प्रार्थना, उघड, रविवारची वाट बघू नको.