आईला थायरॉइड आहे, आता ऑटोइम्यून हिपॅटायटिस म्हणताहेत. दोन्हींचा संबंध आहे का? घरात लागण होईल का?

तुम्ही लिहिलंय की आई ५२ वर्षांच्या आहेत, थायरॉइडची गोळी चालू आहे, सात महिने एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलेलंच आहे आणि हिपॅटायटिस बी, सी दोन्ही निगेटिव्ह आलेत.

आधी लागणीचं सांगते. अजिबात होत नाही. मला हाच आजार निघाला तेव्हा 'कावीळ' एवढाच शब्द ऐकून आमच्या सिडकोतल्या घरात माझं ताट-वाटी वेगळी झाली होती. आजारापेक्षा ते जास्त लागलं. यात विषाणू नसतोच, आपलीच प्रतिकारशक्ती यकृताच्या पेशींवर उलटते.

आणि एकदा उलटली की ती एकाच अवयवावर थांबेल असं नाही. म्हणून या आजाराबरोबर हाशिमोटो (प्रतिकारशक्ती थायरॉइडवर उलटते तो आजार), संधिवात, कोड, सिलिअॅक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते तो), टाइप १ मधुमेह असे आजार आढळतात. बायकांमध्ये प्रमाण बरंच जास्त. १९५०च्या दशकात ल्यूपस या दुसऱ्या ऑटोइम्यून आजारासारख्या खुणा रक्तात सापडल्या म्हणून याला 'ल्युपॉइड हिपॅटायटिस' म्हणत, पण हा ल्यूपस नव्हे. हिपॅटायटिस सीच्या विषाणूनेही सांधे दुखतात, संधिवातासाठी करतात ती ऱ्हुमॅटॉइड फॅक्टरची रक्ततपासणी पॉझिटिव्ह येते, म्हणजे गल्लत होऊ शकते. शिवाय हिपॅटायटिस बीचा विषाणू अंगात लपलेला असताना स्टेरॉइड दिलं तर तो उसळतो. तुमच्या डॉक्टरांनी दोन्ही आधी तपासले, ते योग्यच केलं.

नुसत्या एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी रक्ततपासणी) पॉझिटिव्हवर निदान होत नाही. एएसएमए (अशीच दुसरी प्रतिपिंडं), आयजीजी (रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण) आणि शक्यतो बायोप्सी, म्हणजे यकृताचा बारीक तुकडा काढून तपासणं, लागते. बायोप्सीला मी फार घाबरले होते. जागा बधिर करून बरगड्यांमधून सुई घालतात, क्षणभर धक्का बसल्यासारखं होतं, मग काही तास पडून राहायचं. एवढंच.

उपचार म्हणजे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आणि बहुतेकदा सोबत प्रतिकारशक्ती दाबणारं अॅझाथायोप्रिन. अॅझाथायोप्रिन सुरू झालं की पहिले काही आठवडे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) चुकवू नका, पांढऱ्या पेशी एकदम खाली येऊ शकतात. आता माझी चूक ऐका. दहाव्या महिन्यात एसजीपीटी नॉर्मल आलं, स्टेरॉइडने चेहरा सुजलेला होताच, मी मनानेच गोळ्या बंद केल्या. तीन महिन्यांत डोळे पिवळे. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. रिपोर्ट नॉर्मल येतात ते गोळ्यांमुळे. कमी करायच्या त्या डॉक्टरांनी, हळूहळू, आणि बऱ्याच जणांना त्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात.

नाशिकमध्ये कुणीतरी तुम्हाला काविळीच्या झाडपाल्याच्या औषधाचा पत्ता देईलच. जाऊ नका. गुळवेलही नको. कोरोनाकाळात गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली, आणि ते चित्र ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखंच होतं. आईंनी काढा, गोळ्या, चूर्ण असं काही घेतलं असेल तर पुढच्या वेळी ती बाटली पिशवीत टाकून न्या आणि डॉक्टरांसमोर ठेवा.