कमी डेटावाल्यांनी रिचार्ज निवडताना

आधी फोनच्या सेटिंगमध्ये महिन्याचा मोबाइल डेटा किती खर्च होतो ते बघा. वायफाय त्यात धरू नका. दोन-तीन जीबीच्या आत असेल तर रोज दीड जीबीचा पॅक घेऊच नका. नवखे हमखास इथेच फसतात, कारण रोजचा उरलेला डेटा बहुतेक पॅकमध्ये रात्री बारा वाजता बुडतो. एकूण डेटा एकरकमी देणारा पॅक शोधा.

- किंमत भागिले दिवस, असाच हिशेब करा. २८ दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला १३ रिचार्ज.
- ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमामुळे फक्त कॉल-एसएमएसचे पॅकही मिळतात. घरी वायफाय असेल तर आई-बाबांसाठी उत्तम!
- पोर्ट करण्याआधी, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याआधी, घरात, जिन्यात नव्या कंपनीची रेंज तपासा.