पहाटेची स्टेशनं जातात कुठे?

प्रश्न : मी कराडजवळच्या खेड्यात राहतो. पहाटे साडेपाचला उठून मीडियम वेव्ह लावायची जुनी सवय आहे, त्यावेळी अरबी, फारसी, काय काय लागतं, पण सात-सव्वासात झाले की सगळं विरून जातं. चार-पाच वर्षांपूर्वी हीच स्टेशनं जास्त खणखणीत यायची, आता खरखरच जास्त. रेडिओ म्हातारा झाला का?

उत्तर : रेडिओला बोल लावू नका, आधी आकाश समजून घेऊया. जमिनीपासून साधारण 60 ते 90 किलोमीटर उंचीवर दिवसा उन्हामुळे हवेचा एक थर तयार होतो, त्याला डी थर म्हणतात, आणि तो मीडियम वेव्हच्या लाटा पिऊन टाकतो. रात्री ऊन नाही म्हणून तो थरही नाही, मग लाटा आणखी वरच्या थरांवर आपटून हजारो किलोमीटर लांब उतरतात. म्हणून दिवसा सांगली आणि रात्री आखात, असा हा प्रकार.

आता पहाटेची गंमत बघा. सूर्य पूर्वेकडून येतो, त्यामुळे पूर्वेची स्टेशनं आधी जातात. डिसेंबरात कोलकात्याला मुंबईच्या जवळजवळ तासभर आधी उजाडतं आणि दुबईला आपल्यानंतर सव्वा-दीड तासाने, म्हणजे पूर्वेची गर्दी ओसरते आणि पश्चिमेकडे अजून काळोख असतो, तीच तुमची साडेपाच ते सातची वेळ. 1575 किलोहर्ट्झ हे याचं नामी उदाहरण होतं, काट्यावरच्या एकाच जागी थायलंडमधलं एक बलाढ्य केंद्र आणि अमिरातीतून येणारं फारसी रेडिओ फर्दा, दोघं एकमेकांच्या अंगावर, आणि पूर्वेला उजाडायला लागलं की थायलंड हळूहळू खाली जाऊन फारसी वर यायचं. मी ते अंधारात गच्चीवर बसून ऐकलंय, काट्याला हातही न लावता स्टेशन बदलतं, अंगावर काटा येतो हो.

आणि आपल्याकडे सूर्य उगवल्यावरही दहा-वीस मिनिटं आखात का टिकतं? कारण ती लाट आपल्या डोक्यावर नाही तर पश्चिमेला काही शे किलोमीटरवर, अरबी समुद्रावर, तो थर ओलांडते, आणि आपल्या भागात शंभर किलोमीटर पश्चिमेला गेलं की सूर्योदय साधारण चार मिनिटं उशिरा होतो. शेवटची ती मिनिटं सोडू नका, आवाज लाटेसारखा चढतो-उतरतो आणि मधेच एकदम स्वच्छ येतो.

चार-पाच वर्षांपूर्वी जास्त चांगलं यायचं हे तुमचं निरीक्षण पटतं. सूर्याचा साधारण अकरा वर्षांचा फेरा असतो, 2019 च्या शेवटी तो अगदी शांत होता आणि 2024 मध्ये ऐन जोरात होता, मे 2024 मध्ये तर मोठं चुंबकीय वादळ झालं. सूर्य शांत असतो तेव्हा मीडियम वेव्हला लांबचं चांगलं येतं, शॉर्टवेव्हच्या उलट. शिवाय जगात केंद्रंच कमी होतायत, जर्मनीच्या सार्वजनिक रेडिओने तर 2015 संपताना मीडियम वेव्ह सोडलीच, त्याचं वाईट वाटतं.

पण खरखरीचा निम्मा दोष घरातलाच असतो. एक करून बघा, रेडिओ सेलवर लावा आणि घराचा मेन स्विच बंद करा. खरखर गेली तर एक-एक वस्तू परत चालू करत जा, एलईडी बल्ब, मोबाईलचा चार्जर, सेट टॉप बॉक्सचा अडाप्टर, टीव्ही बंद असला तरी तो चालूच असतो, चोर सापडेल. मेन बंद करूनही खरखर राहिली तर ती शेजारची किंवा तारांची, मग रेडिओ उचलून शेतात जा. तिथे तो आडवा हळूहळू फिरवा, आतल्या काळ्या दांड्याचं, म्हणजे मीडियम वेव्हच्या अँटेनाचं, टोक ज्या दिशेला असेल तिकडचा आवाज सगळ्यात कमी होतो, त्यामुळे नको असलेलं स्टेशन दाबता येतं.

प्रश्न : मे महिन्यात काहीच नीट लागत नाही, असं का?

उत्तर : वळवाच्या विजा. लांबवर कुठे वीज पडली तरी मीडियम वेव्हवर कडकड येते, वरून रात्रही लहान. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. एक वही ठेवा, तारीख, वेळ, किलोहर्ट्झ आणि ऐकू आलेली भाषा इतकंच लिहा, आणि पुढच्या हिवाळ्यात त्याच पानावर त्याच तारखेला काय आलं ते आम्हालाही कळवा.