सभागृहात जागा नसलेला प्रतिनिधी

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेची नागरिक असून वॉशिंग्टन शहरात राहते. तिच्या मतपत्रिकेवर प्रतिनिधिगृहाच्या ‘डेलिगेट’शिवाय ‘रिप्रेझेंटेटिव्ह’ असे आणखी एक पद होते. या दुसऱ्या प्रतिनिधीला सभागृहात बसताच येत नाही, असे ती म्हणते. मग त्याच्यासाठी मत कशाला द्यायचे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या दिल्लीला पूर्ण राज्याचा दर्जा नसला, तरी तिथून सात खासदार लोकसभेत जातात आणि त्यांचे मत इतर कोणाही खासदाराइतकेच मोजले जाते. वॉशिंग्टनच्या सुमारे सात लाख रहिवाशांना तेवढेही मिळालेले नाही, आणि हा उघड अन्याय आहे. त्यांचा डेलिगेट सभागृहात बसतो, बोलतो, समित्यांमध्ये मतही देतो. मात्र विधेयकावरील अंतिम मतदानात त्याला भाग घेता येत नाही.

मुलीने सांगितलेले दुसरे पद ‘शॅडो रिप्रेझेंटेटिव्ह’चे. शहराला राज्याचा दर्जा मिळावा म्हणून संसद सदस्यांकडे पाठपुरावा करणे, हे त्याचे काम. ही निवडणूक 1990 पासून दर दोन वर्षांनी होते. निवडून येणाऱ्याला ना सभागृहाची शपथ दिली जाते, ना वेतन मिळते.

या प्रथेमागे जुना अनुभव आहे. टेनेसीने 1796 मध्ये राज्य म्हणून मान्यता मिळण्याआधीच आपले सिनेटर निवडून राजधानीत पाठवले होते. तोच मार्ग धरून अलास्काने 1956 मध्ये दोन सिनेटर आणि राल्फ रिव्हर्स हे एक प्रतिनिधी निवडले. त्यांना सभागृहात जागा मिळाली नाही, पण त्यांनी सदस्यांच्या गाठीभेटी घेऊन प्रश्न धसास लावला, 1959 मध्ये अलास्का राज्य झाले आणि रिव्हर्स त्याच सभागृहाचे रीतसर सदस्य झाले. वॉशिंग्टनची वाट अधिक अवघड आहे, कारण राजधानीच्या प्रदेशावर संसदेचा संपूर्ण अधिकार राहील, असे राज्यघटनाच सांगते. शिवाय हे शहर डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला असल्याने नव्या राज्यातून येणारे दोन सिनेटर रिपब्लिकन पक्षाला नको आहेत.

तरीही मुलीने हा रकाना कोरा सोडू नये, असे मला मनापासून वाटते. राज्याच्या दर्जाचे विधेयक प्रतिनिधिगृहाने 2020 आणि 2021 मध्ये संमत केले. ते अडले सिनेटमध्ये. त्यामुळे उमेदवार शहरात किती लोकप्रिय आहे यापेक्षा, दूरच्या राज्यांतील सिनेटरांना आणि त्यांच्या मतदारांना भेटून तो त्यांचे मत वळवू शकेल का, हे तिने पारखावे.