मरण्याआधीची शेती

नागपूर

प्रिय मित्रा,

तुझ्या कादंबरीचे बाड दोनदा वाचले. शेवटच्या प्रकरणात तुझा कास्तकार विषाची बाटली उघडतो तेव्हा मी हलायला हवे होते. हललो नाही, कारण त्याआधीच्या दीडशे पानांत त्याने वावरात नेमके काय केले, हे मला कळलेच नव्हते. तो जणू मरण्यापुरताच कादंबरीत आला आहे.

आनंद यादवांची ‘गोतावळा’ (१९७१) पुन्हा वाच. तेथे ऱ्हास ट्रॅक्टरच्या रूपाने येतो आणि तो आपल्याला सांगतो नारबा, म्हणजे ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही असा गडी. मालकाला जी सुधारणा वाटते, तिच्यात जनावरांवर जीव लावणाऱ्या नारबाचा सगळा गोतावळा सुटत जातो. सदानंद देशमुखांनी ‘बारोमास’मध्ये शिकूनही नोकरी न मिळालेला एकनाथ निवडला. तू मात्र कोणाच्याच डोळ्यांनी पाहत नाहीस. वर्तमानपत्राच्या डोळ्यांनी पाहतोस.

तू ‘कर्जाचा डोंगर’ लिहून मोकळा झालास. तो रचला कसा गेला? घरची सरकी राखून पेरणारे घर संकरित वाणांमुळे, आणि २००२ नंतर बीटी या जनुक बदललेल्या वाणांमुळे, दरवर्षी बियाण्याच्या पाकिटासाठी कृषी केंद्राच्या दारात उभे राहू लागले. मृगाच्या तोंडावर हातात पैसा नसतो, म्हणून बियाणे आणि खत उधारीवर येते, आणि बरेचदा ज्याची उधारी त्याच्याच काट्यावर कापूस न्यावा लागतो, मग भावाची घासाघीस कोण करणार? या साखळीतच तुझे कथानक आहे. (आपल्या शहरातल्या कॉटन मार्केटमध्ये आज भाजी विकली जाते, नाव तेवढे कापसाचे उरले. हेही कुठे तरी येऊ दे, पण भाष्य न करता.)

आणखी एक. तुझ्या कादंबरीतली बाई फक्त रडते. वेचणी कोण करते, मजुरीचा हिशेब कोणाच्या तोंडपाठ असतो, हे तुला माहीत नसेल तर आधी हंगामात आठवडाभर ओळीने वावरात जा. आणि निवेदनातही पऱ्हाटीला ‘कापसाचे रोप’ म्हणू नकोस.

पुढच्या खेपेला येशील तेव्हा शेवटचे प्रकरण घरीच ठेव. ज्या वर्षी गुढीपाडव्याला त्या घरी पहिल्यांदाच वर्षभराच्या बोलीवरचा सालगडी ठरला नाही, त्या दिवसाचे प्रकरण लिहून आण.

तुझा,
सर