क्लॉक नाही, मग प्रोसेसर चालतो कसा?

प्रश्न: प्लास्टिकवर बनवलेल्या वाकणाऱ्या चिपला क्लॉक नसलेलाच बरा असं वाचलं. मग कुठलं काम कधी करायचं हे सर्किटला कळतं कसं? आणि पॉवर खरंच वाचते का?

उत्तर: क्लॉक म्हणजे ठरावीक तालावर टिकटिकणारा सिग्नल. तो असला की सर्किटच्या सगळ्या भागांची पावलं एका तालावर, आणि ताल ठरतो सगळ्यात मंद असेल त्याच्यावरून. सिलिकॉनवर हे चालून जातं. प्लास्टिकवरचे थिन फिल्म ट्रान्झिस्टर, म्हणजे पातळ थरांतून बनवलेले बारीक स्विच, मात्र एकासारखा दुसरा नसतो, त्यात प्लास्टिकमधून उष्णता बाहेर पडत नाही, चिप स्वतःच तापते आणि वेग आणखी बदलतो, म्हणजे क्लॉक ठेवायचा तर वेळेचं भरपूर मार्जिन सोडावं लागतं.

क्लॉकलेसमध्ये हँडशेक असतो. एक ब्लॉक म्हणतो डेटा तयार आहे, पुढचा घेतो आणि मिळाला म्हणून कळवतो, मगच पुढचा डेटा. यातला मुख्य गेट (काही ट्रान्झिस्टरचं छोटं सर्किट) म्हणजे म्युलरचा सी-एलिमेंट, दोन्ही इनपुट सारखे झाले की आउटपुट बदलतं, तोवर जुनंच धरून बसतं.

पण डेटा तयार झाला हे ओळखायचं कसं, खरी गोची इथे आहे. एक उपाय म्हणजे डेटाच्या बरोबरीने एक डिले लाइन टाकायची, म्हणजे ‘तयार’ हा सिग्नल मुद्दाम उशिरा पोचवायचा, स्वस्त पडतं, पण प्लास्टिकवर तो डिलेसुद्धा भरवशाचा नाही, म्हणून मला ड्युअल-रेल बरं वाटतं. प्रत्येक बिटला दोन वायर, एक शून्याची, एक एकची, दोन्हींवर सिग्नल नसेल तर उत्तर अजून यायचंय. वायर दुप्पट होतात आणि एरिया वाढतो, ते सोसायचं.

पॉवरचं म्हणाल तर ट्रान्झिस्टर कुठले त्यावर आहे. एप्सन कंपनीने 2005 मध्ये 8 बिटचा असा क्लॉकलेस प्रोसेसर दाखवला, साधारण 32,000 ट्रान्झिस्टरचा, आणि क्लॉकवाल्याच्या तुलनेत पॉवर जेमतेम 30 टक्के लागली. तिथे पॉलिसिलिकॉन (बारीक स्फटिकांचं सिलिकॉन) होतं, त्यात ट्रान्झिस्टरचे एन आणि पी दोन्ही प्रकार मिळतात, एक चालू असला की दुसरा बंद, म्हणून गेट गप्प असला की करंट जवळपास नाहीच. उलट 2021 चा प्लास्टिकआर्म हा प्लास्टिकवरचा क्लॉकवाला प्रोसेसर बघा, 32 बिट, क्लॉक फार तर 29 किलोहर्ट्झ, पॉवर 21 मिलिवॉट, आणि त्यातली 99 टक्क्यांहून जास्त नुसतं बसून जाते, कारण त्याच्या मेटल ऑक्साइड ट्रान्झिस्टरमध्ये एन प्रकारच आहे आणि पीच्या जागी लोड म्हणून रेझिस्टर, त्यातून गेट गप्प असतानाही करंट वाहत राहतो. तिथे क्लॉक काढून पॉवरच्या हिशोबात काही फरक पडणार नाही, उलट ड्युअल-रेलचे जास्तीचे गेट आणखी करंट खातील.