फ्रिजमध्ये ठेवलेला सीताअशोक का रुजला नाही?

प्रश्न : जूनअखेर सीताअशोकाच्या चाळीसेक बिया गोळा केल्या, आठवडाभर पंख्याखाली वाळवल्या आणि बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवल्या. मार्चमध्ये पेरल्या, पण एकही उगवली नाही. काय चुकलं? (कुडाळ)

उत्तर : वाळवणंच चुकलं. मूग-तुरीचं बियाणं सुकवून टिकतं. सीताअशोकाची बी झाडावरून पडते तेव्हाच ओलसर आणि जिवंत हालचालीत असते. ती सुकली की पेशींची आवरणं फाटतात आणि नंतर कितीही भिजवली तरी सांधत नाहीत. अशा, सुकवणं न सोसणाऱ्या बियांना 1973 साली बीजशास्त्रज्ञ रॉबर्ट्स यांनी ‘रिकॅल्सिट्रंट’ म्हटलं. आंबा, फणस, जांभूळ याच गोतावळ्यातले. त्यातून उष्ण प्रदेशातल्या अशा बियांना फ्रिजची थंडीही बाधते.

शेंग काळपट होऊन तडकू लागली की बी काढा आणि शक्यतो त्याच आठवड्यात पेरा. चार-पाच दिवस थांबावंच लागलं, तर ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा), भोकं पाडलेल्या पिशवीत, सावलीत ठेवा. कोकोपीट मुठीत दाबल्यावर पाणी टपकलं तर ते जास्त ओलं आहे. बियांवर बुरशी चढेल. पेरण्याआधी दोन-तीन बिया कापून बघा. आतली दलं घट्ट आणि ताजी हवीत. तपकिरी, सुरकुतलेली असतील तर श्रम वाया.

बी 12 तास पाण्यात भिजवा. माती, वाळू आणि पूर्ण कुजलेलं शेणखत समभाग घेऊन उंच पिशवी भरा आणि बी आडवी, दोनेक सेंटीमीटर खोल लावा. उगवणीला साधारण तीन आठवडे लागतात. या काळात रोज बोट खुपसून बी उकरून पाहू नका, कोवळं मूळ तुटतं. रोप बुडाशी काळं पडून आडवं झालं, तर पाणी तुंबलंय. नवी पानं मात्र तांबूस, लुळी लोंबतात ती जातीचीच सवय. ते पाहून पाणी वाढवणारे बरेच असतात.

एक खात्री करून घ्या. कुंपणाकडेला सरळसोट वाढणारा तो खोटा अशोक. त्याची शेंग नसते, जांभळट फळांचे घोस असतात.

प्रश्न : मग बिबळा या झाडाच्या बियाही ओल्याच ठेवायच्या का? (राधानगरी)

उत्तर : नाही, तिथे उलट. बिबळ्याची पंखवाली चपटी शेंग सुकवून टिकते. ओलावा 7 टक्क्यांपर्यंत आणायचा तर वजनावरून हिशेब करा : सध्याचा ओलावा 12 टक्के असेल, तर 100 ग्रॅमचे साधारण 94.6 ग्रॅम झाले की थांबा (100 × 88 ÷ 93). कडक उन्हापेक्षा सावलीत, शेवटी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात. ओलावा एक टक्का कमी केला की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं. फ्रिजमधून काढलेला डबा खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. बियांवर दव धरतं आणि सगळी वाळवण फुकट जाते.

प्रश्न : सीताअशोक बीजपेढीत ठेवताच येत नाही का? (पुणे)

उत्तर : उणे 18 अंशांच्या नेहमीच्या पेढीत नाही. द्रव नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांना भ्रूण गोठवायचं तंत्र असतं, पण ते प्रयोगशाळेचं काम. तुमच्या हातात आहे ती जिवंत पेढी : एकाच झाडाखालच्या शंभर बियांऐवजी दूरदूरच्या दहा झाडांच्या दहा-दहा बिया घ्या, पिशवीवर झाडाचा क्रमांक टाका आणि रोपं मिसळून लावा. वनक्षेत्रातून घेताना परवानगी लागते.